सहावा हिस्सा

नोकरदार माणसाचे दातृत्व बहुधा पगाराच्या चिठ्ठीवरच्या एका ओळीत मावते. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर, पतसंस्थेचा हप्ता आणि त्यांच्या खाली कुठला तरी एखादा निधी. चिठ्ठी घडी करून खिशात जाते आणि आपण कुणाला काही दिले आहे हे घरी पोहोचेपर्यंत आपण विसरूनही गेलेलो असतो.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाखांमध्ये. त्या काळात अशा कित्येक कपाती माझ्या हाताखालून गेल्या. डिसेंबर आला की ध्वजदिनाचे डबे आणि चिकटवायची तिकिटे यायची. सैनिकांसाठीचा हा ७ डिसेंबरचा दिवस १९४९ पासून देशभर पाळला जातो आणि त्याचे उद्दिष्ट कचेरीगणिक वाटून दिलेले असते. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी कचेऱ्यांतून एक दिवसाचा पगार गेला. तो मनापासून गेला, त्यात शंका नाही. पण एरवीच्या वर्षांत परिपत्रक यायचे, ज्यांना रक्कम द्यायची नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे असे त्यात असायचे, आणि लेखी कळवण्याइतका उत्साह कुणालाच नसायचा. पैसे जायचे. कुठे गेले, कुणाच्या ताटात पडले, हे कुणी विचारत नसे. दान व्हायचे, पण दाता मात्र त्या जागी हजर नसायचा.

या गाठीवर सत्तरएक वर्षांपूर्वी फार खोल विचार करून ठेवलेला एक माणूस आपल्याच शेजारी होऊन गेला. गंमत अशी की त्याने जन्मात कधी पगाराची चिठ्ठी घेतली नाही, तरुणपणी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली आणि पुढे तर पैसा या वस्तूवाचून जगून पाहण्याचा प्रयोग केला. आचार्य विनोबा भावे. आमच्याकडून वर्धा नदी ओलांडली की त्यांचे पवनार फार दूर नाही. त्यांचे भूदान शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक असते. पण पगारदारांसाठी त्यांनी मांडलेले संपत्तिदान आज क्वचितच कुणाला आठवते. म्हणून आज त्यांचे चरित्र मी त्या टोकाकडून सांगणार आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. ते रसायनशास्त्रातले जाणकार, मोजमापाचे आणि शिस्तीचे गृहस्थ. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण विनोबांनी पुढे आयुष्यभर जे जे केले त्याचा उगम शोधत गेले की माणूस या बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो. गागोद्याला घरचा फणस पिकला की गरे आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचे. द्रोण घेऊन जायचे काम मुलांचे. सगळीकडे पोचते झाले की मग मुलांच्या हातावर गरे पडायचे. द्यायची चव खायच्या चवीच्या आधी लागावी, अशी ही शिकवण होती, आणि तिला शिकवण असे नावही कुणी दिलेले नव्हते.

रुक्मिणीबाईंची आणखी एक हकीकत आहे. शेजारची बाई गावाला गेली की त्या आपल्या घरचे रांधून झाल्यावर त्या घरी जाऊन रांधून द्यायच्या. धाकट्या विनायकाला यात खोट दिसली. आधी आपले आणि मग परक्याचे, हा स्वार्थच नाही का, असे त्याने आईला छेडले. आईने हसून समजावले की त्यांचे आधी करून ठेवले तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होऊन जाईल. विनोबा ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगत. मला यातला बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. पोळी पोचवणे निराळे आणि गरम पोळी पोचवणे निराळे. दुसऱ्या गोष्टीसाठी समोरचा माणूस केव्हा जेवतो हे ठाऊक असावे लागते.

तिसरी गोष्ट तर आम्हा बँकवाल्यांसाठीच असावी. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. हिशेबी वडिलांनी सुचवले की तोळाभर तांदळात किती दाणे बसतात ते एकदा मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि वर थोडे जास्त टाकावे, म्हणजे कमी पडायला नको. गणित बिनचूक होते. आईला उत्तर सुचेना. तिने संध्याकाळी मुलाला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की हा हिशेब तांदळाचा नाहीच, दाण्यागणिक देवाची आठवण व्हावी म्हणून तो मोजायचा आहे. वजनाने तांदूळ पुरा होईल, आठवण व्हायची नाही. पगाराच्या चिठ्ठीवरची आमची ती ओळ आणि या दाण्यांत जो फरक आहे, तोच पुढे विनोबांच्या संपत्तिदानाचा गाभा झाला असे मला वाटते.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. त्याआधीच एकदा आईच्या चुलीपाशी बसून त्याने आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली होती. काशीत गांधीजींचे भाषण वर्तमानपत्रात वाचले, पत्रव्यवहार झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. १९२१ च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी त्याला वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. आश्रम वर्ध्याला यावा ही जमनालाल बजाजांची इच्छा. एक लक्षाधीश व्यापारी आणि एक अपरिग्रही ब्रह्मचारी यांचा तो स्नेह आमच्या विदर्भाच्या इतिहासातली मोठी सुंदर गोष्ट आहे. पैसा असलेल्या माणसाचा विनोबांनी कधी तिरस्कार केला नाही. पैशाशी त्यांचे भांडण होते, माणसाशी नव्हते.

पुढची तीस वर्षे विनोबा आमच्या शेजारच्या मुलखात जवळजवळ अज्ञातवासात राहिले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी सूतकताईच्या मजुरीतच आपला जेवणखर्च भागवण्याचा प्रयोग केला. आठ-आठ तास सूत कातायचे आणि गरीब कातकऱ्याच्या पदरात जेवढे पडते तेवढ्यातच जगायचे. प्रकृती इतकी ढासळली की १९३८ मध्ये हवापालटासाठी कुठेतरी जा असा आग्रह झाला. लोक थंड हवेची ठिकाणे सुचवत होते, ते जवळच धाम नदीच्या काठी पवनारला जमनालालजींच्या बंगल्यात जाऊन राहिले. याच काळात 'गीताई' झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचे नाव जाहीर केले तेव्हा हा माणूस कोण, असे देशातले बरेच लोक विचारू लागले.

१९५० साली त्यांनी पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. आश्रमाने पैशाचा व्यवहार सोडायचा. धान्य आणि भाजी स्वतः पिकवायची, कापड स्वतः विणायचे, विहीर स्वतः खणायची. बैलही नकोत, माणसाच्या अंगमेहनतीवर शेती करायची. पंचावन्न वर्षांचे विनोबा तरुण पोरांबरोबर कुदळ चालवत होते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रयोग आधी हेकटपणाचा वाटतो. पण नीट पाहिले तर त्यात एक व्यवहाराचा प्रश्न दडलेला आहे. नोटेवर छापलेला आकडा तोच राहतो आणि ज्वारीचा भाव वर्षावर्षाला बदलतो, मग घामाचे खरे माप कोणते? कर्जाच्या अर्जावर आंगठा उठवणाऱ्या कापूसवाल्याला हा प्रश्न आमच्यापेक्षा चांगला कळतो.

हा प्रयोग रंगात असतानाच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरणार असल्याचे निमंत्रण आले. पैसा तर सोडलेला, तेव्हा तिकिटाचा प्रश्नच नव्हता. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पायी निघाले. सुमारे तीनशे मैलांची ती वाट वर्ध्याहून आदिलाबादकडे उतरते ती आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातून, पैनगंगा ओलांडून. भूदानाची कल्पना तेव्हा कुणाच्या मनातही नव्हती. आमच्या मातीतून गेलेले विनोबा म्हणजे रिकाम्या हातांनी निघालेला एक कृश प्रवासी होता.

संमेलन आटोपून ते तेलंगणात शिरले. तिथे जमिनीवरून रक्त सांडत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत हरिजन वस्तीतल्या चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबांनी जमलेल्या गावालाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून शंभर एकर देतो म्हणाले. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही, असे सांगतात. सकाळी ते दुसऱ्या गावी गेले आणि तिथेही जमीन मागितली. तेलंगणात बारा हजारांवर एकर जमीन मिळाली, आणि पुढे ही यात्रा तेरा वर्षे चालली.

मागण्याची त्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. भीक मागणारा माणूस दाराबाहेर उभा राहतो, वाटा मागणारा घरात येऊन बसतो. देणाऱ्याला उपकाराची ऐट मिळू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची सोय त्या एका नात्यात करून ठेवलेली होती.

पण जमीन सगळ्यांकडे कुठे असते? मास्तर, कारकून, डॉक्टर, वकील, दुकानदार, गिरणीतला कामगार यांनी काय द्यावे? १९५२ च्या शेवटी शेवटी, बिहारच्या यात्रेत, विनोबांनी त्यांच्यासाठी संपत्तिदान मांडले. मिळकतीचा सहावा हिस्सा, एकदा नव्हे तर दर वर्षी, जन्मभर. सहाव्याचा आग्रह होता, पण ज्याला जमेल तेवढा हिस्साही ते स्वीकारत. इथपर्यंत आपल्याला नवे काही वाटणार नाही. उत्पन्नाचा ठरावीक भाग धर्मादाय काढण्याची चाल आपल्याकडे आणि इतर धर्मांतही जुनी आहे. नवे होते ते यापुढे. हा पैसा विनोबा घेतच नव्हते. कुठली तिजोरी नाही, कोषाध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. दात्याने आपला हिस्सा बाजूला काढून स्वतःपाशीच ठेवायचा, विनोबांच्या सूचनेप्रमाणे स्वतःच खर्च करायचा आणि वर्षाकाठी हिशेब कळवायचा. भूदानात जमीन मिळालेल्या भूमिहीनाला बैल, बियाणे, विहीर, नाहीतर एखाद्या गरीब कार्यकर्त्याचा निर्वाह, असे त्या पैशाचे मार्ग होते.

समजा, त्या काळी एखाद्या कारकुनाला महिना एकशे वीस रुपये मिळत असतील तर त्याच्या सहाव्या हिश्शाचे वीस रुपये होतात. ते दर महिन्याला घरातल्याच डब्यात पडायचे. बायकोला ते दिसायचे, मुलांना दिसायचे. महिनाअखेर ओढाताण झाली की तो डबा मोह घालायचा. त्याला हात न लावणे हेच खरे दान. निधीत पैसा टाकून मोकळे होणे त्यामानाने सोपे आहे. विनोबांनी पगारदार माणसाकडे पैसा मागितला असे वरवर दिसते. त्यांनी मागितला तो वेळ, लक्ष आणि भरवसा. दात्याच्या प्रामाणिकपणावर त्याच्या दानाआधीच विश्वास टाकलेला होता.

याच विचारातून पुढे सर्वोदय-पात्र आले. घरात एक भांडे ठेवायचे आणि रोज त्यात मूठभर धान्य टाकायचे, आणि ते टाकायचे घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने. मूठ लहान म्हणजे धान्य कमी. पण हिशेब धान्याचा नव्हताच. लाख तांदूळ मोजणाऱ्या आईचा मुलगा बोलत होता. पाच वर्षांच्या पोराला रोज एकदा आठवावे की या घरात न राहणाऱ्या कुणाचा तरी वाटा या घरात आहे, एवढाच त्यातला मतलब.

१९५६ मध्ये तामिळनाडूत पलनी इथे विनोबांनी आणखी एक धाडसी पाऊल टाकले. भूदानाचे काम करणाऱ्या समित्या त्यांनी विसर्जित केल्या आणि कार्यकर्त्यांच्या खर्चासाठी गांधी स्मारक निधीतून मिळणारे पैसेही बंद केले. त्याला ते तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती म्हणत. ज्या गावात काम, त्या गावाने कार्यकर्त्याला सांभाळावे, दूरच्या निधीवर चळवळ जगू नये.

इथे मात्र माझ्यातला बँक अधिकारी हात वर करतो. विनोबांवर भक्ती करणारे लोक हा भाग भराभर ओलांडून जातात, आणि तो ओलांडू नये. पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते, सुमारे बेचाळीस लाख एकर जमीन दानात मिळाली आणि प्रत्यक्ष वाटप झाले ते त्याहून पुष्कळ कमी. दिलेल्यांत खडकाळ होती, वादातली होती, कागदावरच राहिलेली होती. विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि भूदानासाठी तिथे १९५३ मध्ये कायदाही झाला. शेतीकर्जाच्या टेबलावर असताना सातबाऱ्यावर भूदानधारक अशी नोंद असलेली माणसे माझ्यासमोर येत. कुणाच्या शेतात कापूस उभा होता आणि मुलगा शिकत होता. कुणाच्या वाट्याला नुसता मुरूम आला होता, तर कुणाचा ताबाच झाला नव्हता. दानपत्र लिहून देणे हा एका सभेचा विषय असतो. मोजणी, फेरफार, ताबा, विहीर, बैल ही कामे वर्षानुवर्षे कुणीतरी चिकाटीने करावी लागतात, आणि त्यासाठी लागते ती कचेरीच. तंत्र नको म्हणताना ते काम कुणी करायचे हा प्रश्न उघडा राहिला.

संपत्तिदानाचेही तेच झाले. ते फार फोफावले नाही. ज्याचा हिशेब फक्त दात्यालाच ठाऊक, त्याची बेरीज कोण करणार आणि ढिलाई झाली तर आठवण कोण देणार? शिवाय आपला पैसा आपणच वाटू लागलो की आपण आपल्यासारख्यांनाच देतो, ओळखीच्यांना, जातीच्यांना, गोड बोलणाऱ्यांना. वस्तीच्या टोकाला राहणारा, बोलता न येणारा माणूस त्यातून सुटतो. भूकंप, महापूर, दुष्काळ अशा वेळी तर हजारो हातांतला पैसा एका ठिकाणी गोळा व्हावाच लागतो. तिथे डबा पुरत नाही, निधीच लागतो. हे सगळे मान्य करून मग विनोबांकडे परत यावे असे मला वाटते, कारण निधी भरून झाल्यावरही त्यांनी विचारलेला प्रश्न शिल्लक राहतो. देणारा कुठे आहे?

याचे उत्तर मी एका शाखेत थोडेसे पाहिले. तालुक्याच्या गावातली दहा-बारा माणसांची ती शाखा. साल १९९० च्या पुढचे. तिथले वडीलधारे हेड कॅशियर पवनारला जाऊन-येऊन असत. त्यांनी सुचवले की डबा नको, कपात नको. ज्याने त्याने आपला हिस्सा आपणच ठरवावा आणि आपल्याच नावावर एक निराळे बचत खाते उघडून त्यात तो टाकावा. गावातच, फार तर तालुक्यात खर्च करावा. आणि तीन महिन्यांनी एकदा, शनिवारचा अर्धा दिवस संपला की, कुणाला काय दिले ते सर्वांसमोर सांगावे. रक्कम सांगायची सक्ती नाही, पण ज्याला दिले त्याची हकीकत सांगायची.

सहावा हिस्सा कुणाचाच नव्हता. कुणाचा चाळिसावा, कुणाचा शंभरावा. पहिल्या बैठकीत सगळे संकोचले होते. दुसरीत एका बाईंनी सांगितले की बाजूच्या खेड्यातल्या एका मुलीचा एसटीचा पास त्या काढून देतात आणि ती आता दहावीला बसेल. आमचा शिपाई घराशेजारच्या एकट्या म्हातारीला महिन्याला पायलीभर ज्वारी नेऊन देत होता. ती दळून आणायचे कामही आपल्याकडेच आले आहे, अशी तक्रार त्याने इतक्या कौतुकाने केली की सगळे हसले. एकजण जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आला होता. पेशंटला जेवण मिळते, त्याच्यासोबत खेड्यातून आलेल्या बायको-पोरांचे काय, असा त्याला प्रश्न पडला होता, आणि पुढल्या तिमाहीत आणखी तिघांचे हिस्से त्या वाटेने गेले. एकाने मात्र काहीच खर्च केले नव्हते, कारण योग्य माणूस सापडत नव्हता. हेड कॅशियर त्याला एवढेच म्हणाले की शोधायला बाहेर पडल्याशिवाय तो काउंटरवर येणार नाही.

त्या चार वर्षांत वाटलेली एकूण रक्कम एखाद्या परिपत्रकाने एका दिवसात जमवली असती, हे मी आधीच सांगून टाकतो. पण दुसरी एक गोष्ट झाली. काउंटरच्या पलीकडचे गाव आम्हाला दिसू लागले. कर्ज थकलेला शेतकरी हा नुसता खातेक्रमांक राहिला नाही. पुढे याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरू लागले, तेव्हा त्या शाखेतली माणसे कुठे कुठे बदलून गेली होती, तरी त्यांच्यातली काही जण न सांगता त्या घरांपर्यंत पोहोचली, हे मला माहीत आहे. बदल्यांनी ती बैठक मोडली. मोडली ती चालवणारे माणूस गेले म्हणून, आणि विनोबांच्या कामाचीही पुष्कळ ठिकाणी तीच कथा आहे.

१९६४ मध्ये विनोबा यात्रा संपवून पवनारला परतले. पुढली वर्षे ध्यानाची, मौनाची आणि वादाचीही होती. १९७५ च्या आणीबाणीत त्यांनी अनुशासनपर्व असा शब्द वापरला. सरकारने तो पाठिंबा म्हणून मिरवला आणि जयप्रकाशांसारखा संपत्तिदानाचा मोठा प्रचारक तुरुंगात असताना विनोबांनी स्पष्ट शब्दांत विरोध का केला नाही, हा सल अनेकांच्या मनात कायमचा राहिला. माझ्याही मनात आहे. संतपणामुळे माणूस प्रश्नांच्या पलीकडे जात नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात प्रकृती बिघडली तेव्हा त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणे थांबवले आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. आमच्या भागातून कितीतरी माणसे मिळेल त्या गाडीने पवनारला गेली. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, खाते नव्हते, वारस नव्हता. वारसाहक्काचे दाखले तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे वाक्य लिहिताना थोडे थबकायला होते.

आता पगार खात्यात परस्पर जमा होतात, कपाती परस्पर होतात आणि देणगीही बोटाच्या एका टोकाने परस्पर पोहोचते. आयकराच्या सवलतीचा आकडाही तिथेच मिळतो. यात वाईट काही नाही. संस्थांना पैसा लागतो, नियमित लागतो, आणि चांगल्या संस्था आपल्यापेक्षा चोख काम करतात. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या ओळीच्या शेजारी आणखी एक लहानसा हिस्सा असावा, जो कुणीही परस्पर कापणार नाही. सहावा नको, साठावा चालेल. तो घरात दिसावा, घरातल्या लहानग्याला त्याची गोष्ट ठाऊक असावी आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायला आपल्याला चार पावले चालावे लागावे.

विनोबा मागत होते ती जमीन किंवा पैसा हे निमित्त होते. त्यांना घरातली एक जागा हवी होती, सहाव्या मुलाची. ती जागा आजही रिकामी आहे, आणि ती कुणाला द्यायची ते कुठल्याही परिपत्रकात लिहिलेले नाही.